घरच्या चकलीचं बिल

घरी तळलेल्या चकलीचं बिल आणायचं कुठून? 2024च्या दिवाळीत मी जर्मनीत मुलाकडे होते, तेव्हा या एका प्रश्नापायी कस्टमच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. आठवलं की अजून डोकं तडकतं.

मी सप्टेंबरातच गेले होते, म्हणून फराळ सोबत नव्हता. धाकट्या बहिणीने पुण्याहून कुरिअर केला. पार्सलऐवजी घरी आलं पत्र: कस्टममध्ये येऊन सोडवून न्या. मुलगा-सून नोकरीवर. म्हटलं, मी जाते, बसने जायचं तर आहे!

पहिली खेप गुरुवारी, 24 ऑक्टोबरला. पत्र मुलाच्या नावाचं, पासपोर्ट माझा. ‘फोलमाख्त?’ म्हणजे अधिकारपत्र. नव्हतं. परत.

दुसरी सोमवारी, वसुबारसेला. अधिकारपत्र, मुलाच्या ओळखपत्राची प्रत, सगळं ऐटीत पुढे केलं. खिडकीपलीकडचा पोरगा म्हणाला, ‘रेख्नुंग?’ बिल. मी म्हटलं, होममेड. तो म्हणाला, हो, पण बिल? कुरिअरवाल्याने विम्यासाठी म्हणून फॉर्मवर नऊ हजार रुपये किंमत ठोकली होती, म्हणजे जवळपास शंभर युरो. आणि घरच्यांनी पाठवलेली भेट 45 युरोंपर्यंतची असेल तरच करातून सुटते. शंभर युरोंच्या मालाला बिल नाही हे त्याला पटेना, चकलीला बिल असतं हे मला पटेना. मी हवेत सोऱ्या फिरवून दाखवला. रांगेतला एक माणूस हसला. हा नाही हसला.

घरी येऊन बहिणीला फोन लावला. म्हटलं, किराण्याचा हिशेब काढ. भाजणी, बेसन, मैदा, साखर, पोहे, तेल, तूप, पणत्या, उटणं धरून झाले 1,850 रुपये, जेमतेम वीस युरो. सुनेने जर्मनमध्ये यादी टाइप केली: पदार्थ, वजन, किंमत, ‘भेट, विक्रीसाठी नाही’. ही यादी पाठवतानाच फॉर्मसोबत जोडली असती तर माझा आठवडा वाचला असता. तेव्हा तुम्ही नुसतं ‘खाद्यपदार्थ’ असं मोघम लिहू देऊ नका, आणि किमतीचा आकडा कुरिअरवाल्यावर तर मुळीच सोडू नका.

तिसरी खेप बुधवारी. तोच पोरगा. यादी दोनदा वाचली, खोकं सुरीने उघडलं. चकली, शंकरपाळे, चिवडा बिनबोभाट गेले. मग निघाली उटण्याची पुडी. लेबल नाही, काही नाही, नुसती करडी पूड! मी मनगटावर चोळून दाखवली, वास घ्यायला लावला. त्याने शेजारच्या बाईंना बोलावलं. त्यांनीही वास घेतला, काहीतरी बोलल्या, पुडी परत खोक्यात. कढवलेल्या तुपाची बरणी मात्र ठेवून घेतली, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. लाडू मिठाई म्हणून सुटले. त्यांत काय आहे ते त्याने विचारलं नाही, मीही भाषण दिलं नाही.

तुपाचं फार मनाला लावून घेऊ नका. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात ‘बुटरश्माल्झ’ मागा, तूपच ते. बेसनाला ‘किखरएर्ब्सनमेल’ म्हणतात. मी चिठ्ठीवर लिहून न्यायची.

हो, आणि कॅलेंडर बघून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत होतं. पण त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, आणि मुलगा राहतो त्या बव्हेरिया राज्यात त्याच दिवशी ऑल सेंट्स या ख्रिस्ती सणाची सुट्टी. आदल्या दिवशी रात्री आठच्या आत सगळं आणावं लागलं. फुलांच्या दुकानात शेवंतीचे ढीग बघून मी हरखले, दोन कुंड्या उचलल्या. सून म्हणाली, “आई, ही फुलं लोक कबरींवर ठेवायला नेतात.” लक्ष्मीला शेवंतीच वाहिली, लक्ष्मीने काही तक्रार केली नाही.

पार्सल सुटल्याचं बहिणीला कळवलं. म्हणाली, “ते ठीक आहे ताई, पण त्या वीस युरोंत माझी मजुरी कुठे धरलीस?”