तुम्ही विचारलंत म्हणून: वडउतारचा नकाशा

महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतंच, की ते वडउतार शहर तुम्ही कुठल्या सॉफ्टवेअरवर काढलंय, आणि ते खरं का वाटतं, आम्ही काढलेलं का वाटत नाही. आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्याला नुसतं हे पाठवून दिलं की काम झालं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रविवारी दुपारचं जेवण झालं की आम्ही सहाजण कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवर जमतो आणि फाशांचा खेळ खेळतो. त्यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कोण चोर, कोण वैद्य, कोण फुकटचा सरदार. गोष्ट सांगायचं काम माझं. वडउतार हे त्या गोष्टीतलं शहर, शंभर टक्के काल्पनिक. आठवडाभर मी शिरोलीत फाउंड्रीच्या कास्टिंगची ड्रॉइंगं काढत असतो, त्यामुळं ऑटोकॅड हातात बसलेलं, आणि पहिलं शहर मी त्याच्यावरच काढलं आणि तिथंच माती खाल्ली.

काय देखणं होतं ते! गोल तटबंदी, मधोमध राजवाडा, बैलगाडीच्या चाकासारखे आठ रस्ते, कोपऱ्यात लोकसंख्या 40 हजार, वर उत्तर दाखवणारा नक्षीचा बाण. ए-थ्री प्रिंट मारून घेऊन गेलो. आमच्यातला एकजण कपिलतीर्थ मार्केटात माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, धंदा करतो, पहाटे चारला उठणारा गडी, त्यानं प्रिंट उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "भावा, 40 हजार माणसं हाईत व्हय? मग माळवं कुठनं येतंय? आन पाट्या उतरायच्या कुठं?"

मला काहीच सांगता येईना. शेतं काढलीच नव्हती. विहीरसुद्धा नव्हती एक. त्या रविवारी खेळ झालाच नाही, भजी खाऊन सगळे घरी गेले.

तर सॉफ्टवेअरचं उत्तर असं की ट्रेसिंग पेपर, आणि पेन्सिल नाही, पेन. एक कागद म्हणजे एक पिढी, धरा तीसेक वर्षं. खालचा कागद दिसत असतो, त्याच्यावर दुसरा ठेवायचा आणि पुढच्या तीस वर्षांत काय वाढलं तेवढंच काढायचं. खोडायचं नाही. काही पाडायचंच असेल तर कारण द्यायचं, आग लागली, पूर आला, राजाला हुक्की आली, किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या. वाटण्यांनी जेवढी शहरं बदललीत तेवढी लढायांनी बदलली नसतील, असं माझं मत आहे. बाजारपेठेतलं जुनं घर आठवा, रस्त्यावर तोंड एवढंसं आणि आत गेलं की संपतच नाही, एकामागं एक खोल्या, मग परसू, मग पलीकडची गल्ली. बाजाराकडं तोंड सगळ्यांनाच पाहिजे, मग पट्ट्या पडणारच.

पण पहिल्या कागदावर शहर नसतंच. पहिल्या कागदावर फक्त एवढंच असतं की माणसं इथंच का थांबली, पलीकडच्या वळणावर का नाही. वडउतारचं कारण म्हणजे नदीला तिथं उतार आहे, गुडघाभर पाण्यातनं बैल पलीकडं जातात. खालनं मीठ घेऊन घाट चढून येणारे तांडे तिथं रात्रीचा मुक्काम करतात कारण दमलेला बैल अंधारात पाण्यात घालत नाहीत, आणि मुक्काम म्हटल्यावर चारा आला, चाऱ्यामागं झोपडी आली, बैलाला नाल ठोकणारा आला. उताराजवळ वड आहे म्हणून वडउतार. पाच घरं, आणि ती पाचही एका खडकाळ टेकाडावर, कारण पावसाळ्यात खाली पाणी भरतं.

हे टेकाड मी सरळ ढापलंय, आपल्या ब्रह्मपुरीवरनं. कोल्हापूरची जुनी वस्ती पंचगंगेच्या काठावरच्या त्या टेकाडावर होती, 1945-46 ला सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी तिथं खोदलं तर सातवाहन काळातली घरं निघाली. आणि तिथंच सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममुळं आपल्याला माहीत आहे. शाळेच्या सहलीला सगळ्यांनी बघितलेली असते आणि कुणीच बघितलेली नसते. समुद्र कुठं, आपण कुठं, आणि दोन हजार वर्षांमागं कुणीतरी हा देव इथवर आणला. मी तेव्हापासनं एक सवय लावून घेतली, पाच घरांची वस्ती असली तरी तिच्यात लांबनं आलेली एक वस्तू ठेवायची. वडउतारमध्ये नालबंदाच्या घरी एक निळा काचेचा मणी आहे. तो कुठनं आला हे पोरांनी अजून शोधलेलं नाही.

टेकाडाचं महत्त्व आपल्याला सांगायला नको. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, हे इथं लहान पोराला पण पाठ असतं, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 च्या वर गेलं तेव्हा पाण्यानं पूररेषा स्वतः आखून दाखवली. म्हणून मी प्रत्येक कागदाला एकदा पुराचा फासा टाकतो. सहा पडला की नदीकाठचं सगळं गेलं. गंमत अशी की गेलेली माणसं पुढच्या कागदावर परत तिथंच घर बांधतात, कारण जागा स्वस्त असते आणि मागचा पूर बघितलेले म्हातारे तोवर मेलेले असतात. हे मला ठरवून करावं लागत नाही, खेळणारेच करतात.

आता रस्ते. मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते रस्त्यांबद्दल, आणि इथं मी तुम्हाला एकच शब्द देतो, तिकटी, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी, पापाची तिकटी. जन्मभर म्हणत आलो पण कधी विचार केला नव्हता की आपल्या जुन्या गावात एवढ्या तिकट्या का. एक रविवार घालवला, मॅप लावून बोटानं एकेक जोड मोजला, जुन्या पेठांत बघाल तिकडं तीनच रस्ते येऊन मिळतात, चौथा आला तरी समोरासमोर येत नाही, थोडा सरकून येतो. आणि राजारामपुरीत या, पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी, कशा वहीत पट्टीनं मारल्यासारख्या, चौक म्हणजे चौक. कारण साधं आहे. रस्ता आधी असतो, मग कुणीतरी त्याच्या कडंला घर बांधतं, मग त्या घराच्या मागं घर, त्याला जायला बोळ, तो बोळ मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं तिकटी. समोरच्या बाजूचा बोळ दुसऱ्या कुणाच्या तरी घरासाठी दुसऱ्या साली पडलेला असतो, तो ह्याच्या नाकासमोर कशाला येईल? बरोब्बर काटकोनाचा चौक दिसला की समजायचं, इथं कुणीतरी दोरी लावून बसलं होतं.

त्यामुळं तुमच्या नकाशात सगळे चौकच असतील तर ते शहर वाढलेलं नाही, आखलेलं आहे. आखलेलं शहर वाईट असं नाही हां, जयपूर 1727 ला आखूनच वसवलं. पण मग तसं सांगा, आणि कुणी आखलं ते सांगा.

आणि नैसर्गिक वाढलेल्या शहरातसुद्धा आखलेले तुकडे असतातच, लोक हे विसरतात आणि सगळंच वाकडंतिकडं काढून ठेवतात, शेवयांचा गुंता नुसता. कोल्हापूरला 1891 ला मिरजेवरनं रेल्वे आली, आणि चार वर्षांत, 1895 ला, शाहू महाराजांनी स्टेशनच्या अंगाला शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना आणलं, गुळाची बाजारपेठ उभी राहिली. त्याच्याही आधी राजेलोक कौल देऊन पेठा वसवायचेच, या, एवढी वर्षं कर माफ. म्हणजे जुनं गाव, त्याला चिकटून एक सरळ रेषांची पेठ, पुन्हा गुंता, पुन्हा एक पेठ. नवी पेठ कुठं पडणार हे त्या वेळी माल कुठनं येतोय ह्याच्यावर. वडउतारच्या चौथ्या कागदावर नदीवर दगडी पूल झाला, तर बाजार उतारावरनं उठून पुलाच्या तोंडाशी गेला, आणि उतारावरची धर्मशाळा बसली माशा मारत.

राजवाड्याचं पण तसंच. करवीरच्या गादीचा कारभार पन्हाळ्यावरनं कोल्हापुरात आला तो अठराव्या शतकाच्या शेवटाकडं, म्हणजे गाव, देऊळ, बाजार सगळं आधीच भरलेलं. नवा राजवाडा 1884 ला पुरा झाला तो तर तेव्हाच्या गावाच्या बाहेर. राजा आला की शहराच्या मध्यभागी रिकामा गोल त्याची वाट बघत बसलेला नसतो. माझ्या त्या ए-थ्री प्रिंटमध्ये बसलेला होता.

दगडाचं सांगायचं राहिलं. हे कुणी विचारत नाही पण मला सगळ्यात आवडतं ते हेच. वर काही बांधलं की खाली कुठंतरी तेवढा खड्डा पडलेला असतो. रंकाळ्याबद्दल म्हातारी माणसं सांगतात की ती मुळात दगडाची खाण, देवळाला काळा दगड तिथनं काढला आणि मग पाणी भरलं. माझ्या प्रत्येक तटबंदीमागं मी खाण काढतो. पुढच्या कागदावर खाणीत पाणी, त्याच्या पुढच्यावर धुणं-पोहणं, काठावर देऊळ, आणि शेवटी कधीतरी कुणाला तरी जागा कमी पडते आणि तळं बुजवतात. कपिलतीर्थ हे तळं होतं, आता मार्केट आहे. वरुणतीर्थ तळं होतं, आता गांधी मैदान आहे, आणि जोराचा पाऊस झाला की मैदानाला आपण तळं होतो ते आठवतं. इटलीत लुक्का म्हणून गाव आहे, तिथल्या एका चौकातली घरं लंबगोलात उभी आहेत, कारण ती रोमन आखाड्याच्या भिंतींवर चढलेली आहेत. आखाडा गेला, आकार राहिला. व्हिएन्नात 1857 ला बादशहानं तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या पट्ट्यात गोल रस्ता झाला. आपल्याकडं तटाचा तुकडा बिंदू चौकात उभा आहे अजून, बाकी वेशी गेल्या, पण रिक्षावाल्याला गंगावेस म्हणा, रंकाळा वेस म्हणा, बरोबर नेऊन सोडतो.

तटावरनंच एक राहिलंय, आणि हे जरा अवघड आहे. तिसऱ्या कागदावर मी तट घातला आणि चामडं कमावणाऱ्यांना बाहेर ठेवलं, नदीच्या खालच्या अंगाला, वारा गावाकडनं तिकडं जातो त्या बाजूला. वास येतो, पाणी खराब होतं, लॉजिक एकदम पक्कं. आमच्यातला एकजण एरवी कमी बोलणारा, तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "वास कामाचा येतोय न्हवं? मग रातच्याला झोपायला बी त्यांनी भाईरच का?"

माडीवर कुणीच काही बोललं नाही. वाऱ्यापाण्यानं भट्टी कुठं असावी ते ठरतं, माणूस कुठं झोपणार ते माणसं ठरवतात, आणि मी माणसांचं काम वाऱ्यावर ढकलून मोकळा झालो होतो. नियमानं खोडता येत नव्हतं. मग त्या कागदाच्या कडंला लिहून ठेवलं की हा निर्णय गावच्या कुठल्या सात जणांनी कुठं बसून घेतला, आणि बाहेरच्या वस्तीची विहीर कुणी खणली. आता आमच्या खेळातल्या निम्म्या भानगडी त्या विहिरीवरनं होतात.

नावांचं पटकन सांगतो. वडाचं झाड पाचव्या कागदावर रस्त्यासाठी तोडलं, पण पत्ता अजून "वडाखाली" असाच सांगतात. आणि सहाव्या कागदावरच्या शास्त्रीबुवांनी शोध लावला की वडउतार हे मूळचं वटावतार, इथं देवानं वडात अवतार घेतला, मग त्याचं देऊळ झालं, जत्रा भरायला लागली. नालबंदाच्या बैलांची कुणाला आठवण नाही.

सध्या सातवा कागद चालू आहे. खाणीचं तळं बुजवून भाजीबाजार करायचा की नाही हा विषय निघालाय, गेल्या रविवारी मतं घेतली तर दोन विरुद्ध दोन. माळव्यावाला गडी पाचवा. मला वाटलं हा डोळे झाकून बाजाराला मत देणार. त्यानं तळ्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि म्हणाला, "पाणी जातंय कुठं ते आधी दाव."

मी अजून काढतोय.