तुम्ही विचारलंत म्हणून: लहान मुलांसोबत नाताळ कसा साजरा करावा?

घरात दोन ते सहा वर्षांची मुलं आहेत, तर नाताळला दरवर्षी नेमकं काय काय करावं, हे बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं की दोन-तीनच गोष्टी निवडा, पण त्या दरवर्षी करा. आणि सगळा भर २५ डिसेंबरवर टाकू नका. एवढ्या लहान वयात मुलांना खरी गोडी असते ती वाट पाहण्याची. अट इतकीच की किती वाट पाहायची आहे, ते त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं.

तीन वर्षांच्या मुलाला ‘अजून दोन आठवडे’ म्हणजे किती, हे कळत नाही. योहान विकर्न हे जर्मन पाद्री हॅम्बर्गमध्ये गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर रविवारसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक जास्त पेटवायला सुरुवात केली. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळात, चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र मांडतात, त्याचं मूळ हेच. लहान मुलं असलेल्या घरात ज्योतीऐवजी बॅटरीवरचे दिवे बरे. मात्र त्यांच्या सेलचं झाकण स्क्रूनेच बंद होणारं हवं. बटनसेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. तशी नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

याहून सोपी असते कागदाची साखळी. जाडसर ए-फोर कागद आडव्या बाजूने ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापला की २१ सेंटिमीटर लांबीच्या नऊ पट्ट्या निघतात. तीन कागदांत २७ होतात. २४ लागतात, तीन चुकण्यासाठी. टोकं २ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवली की दीड मीटरच्या आसपास साखळी होते. स्टेपलर वापरू नका, मूल ओढतं आणि पिन हातात येते. गोंदाची कांडीही दमट हवेत सुटते. पातळ पांढरा डिंक लावून प्रत्येक जोड दहा मिनिटं कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवा. कडीवर तारीख न लिहिता उरलेले दिवस लिहा, सर्वांत खाली २४ आणि वर १. एक डिसेंबरला खालची कडी कापायची. साखळी आखूड होताना दिसते, त्यामुळे आकडे न येणाऱ्या मुलालाही हिशोब कळतो. घरात दोन मुलं असतील तर मोठ्याने कापायचं आणि धाकट्याने कापलेली कडी डब्यात टाकायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

प्रत्येक कडीच्या आत त्या दिवशी करायचं काहीतरी लिहायचं. पण काय लिहायचं, इथे बहुतेकांचा बेत फसतो. उत्साहात २४ मोठे उपक्रम लिहिले जातात. मग मूल आजारी पडतं, कुणाला घरी यायला उशीर होतो आणि आठवड्याभरात साखळी तशीच लटकत राहते. सुट्टीच्या दिवसांसाठी सहा-सात खरी कामं ठेवा: झाड सजवणं, कार्ड रंगवणं, एक खेळणं दुसऱ्या मुलासाठी काढून ठेवणं. बाकीच्या दिवशी दोन मिनिटांचं काहीतरी पुरतं, जसं एक गाणं म्हणणं किंवा खोलीतले दिवे मालवून झाडाचे दिवे बघत बसणं. पेन्सिलीने लिहा, म्हणजे आदल्या रात्री बदलता येतं.

दुसरी गोष्ट गव्हाणीची. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे चारा भरलेली गव्हाणी आणि खरे बैल-गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला होता. लोकांना तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसावा, हा हेतू होता. मुलांसाठीही हेच करायचं, देखावा एका दिवसात पूर्ण करायचा नाही. आधी रिकामा गोठा मांडा. मुलाने कुणाला आपणहून मदत केली की त्याने गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची. बाळ येशू २४ च्या रात्री येईल. बाळाला भेटायला येणारे तीन राजे दुसऱ्या खोलीतून निघून रोज थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला पोहोचतील. मूर्ती लाकडाच्या किंवा कापडाच्या घ्या. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका.

हाताने काही घडवायचं असेल तर मिठाच्या पिठाचे दागिने करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाऊण वाटीपासून सुरुवात करून लागेल तसं पाणी. जाड मिठाने कडा फाटतात. दहा मिनिटं मळा, ५ मिलिमीटर जाड लाटा, आकार कापा. दोऱ्यासाठीचं भोक स्ट्रॉने, कडेपासून १ सेंटिमीटर आत पाडा, कारण कडेला पाडलं की तिथेच तुटतं. ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास वाळवा आणि मध्येच एकदा उलटा. घाईने आच वाढवली की फुगे येतात. पाठ अजून मऊ लागत असेल तर आत ओल आहे, परत ठेवा. रंगवल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतूनही व्हार्निश लावा, नाहीतर मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि दागिना वर्षभरात लिबलिबीत होतो. मळताना लहानग्यावर लक्ष असू द्या, इतकं मीठ पोटात जाणं धोक्याचं असतं.

सांताबद्दल एकच सांगते: रडणाऱ्या मुलाला त्याच्या मांडीवर बसवू नका आणि ‘नीट वाग, नाहीतर भेट मिळणार नाही’ ही धमकी देऊ नका.

भेटी एकामागून एक उघडू दिल्या की मूल गांगरतं आणि रडायला लागतं. एक उघडू द्या, तिच्याशी खेळू द्या. दुसरी दुपारी उघडली तरी चालते. खोक्यातल्या तारा सोडवणं आणि सेल घालणं आदल्या रात्रीच उरका. झोपेची वेळही त्या दिवशी बदलू नका.

आवरताना मिठाचे दागिने कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि प्रत्येकाच्या मागे मुलाचं वय व साल लिहा. दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा, तिचे सेल काढून घ्या. त्याच डब्यात एक चिठ्ठीही टाका: यंदा काय जमलं आणि कोणत्या कड्या कापायच्या राहिल्या.