एमिलिया एकेरीवर येते

मुलीने ए-लेव्हलसाठी, म्हणजे इंग्लंडमधल्या बारावीसारख्या परीक्षेसाठी, इंग्रजी साहित्य हा विषय घेतला तेव्हा मला माझी बारावी आठवली. आमच्या वेळी पाठ्यपुस्तकापेक्षा गाइड जास्त मळलेले असे आणि ‘कवीला काय म्हणायचे आहे’ या प्रश्नाला एकच उत्तर असते, तेही सरांनी फळ्यावर लिहून दिलेले असते, याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही. इथे इंग्लंडमध्ये मुले सोळाव्या वर्षी बहुधा तीनच विषय निवडतात आणि पुढची दोन वर्षे त्यांतच मुरतात. साहित्याच्या वाट्याला किमान आठ कृती येतात. त्यांतल्या तीन तरी १९०० पूर्वीच्या हव्यात, त्यात शेक्सपिअरचे एक नाटक हवेच, आणि एक कृती २००० नंतरची हवी. ऐंशी टक्के गुण दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या लेखी परीक्षेला असतात, तर उरलेले वीस टक्के सवडीने लिहायच्या दीर्घ निबंधाला.

मुलीच्या परीक्षा मंडळाच्या नाटकाच्या पेपराला सव्वादोन तास मिळतात आणि पुस्तक जवळ ठेवता येते, मात्र प्रत कोरी लागते. हे ऐकून मी ‘मग काय, सोपेच आहे’ असे म्हणून बसले. ज्याला पान शोधावे लागते त्याचा वेळ पान शोधण्यातच जातो, हे तिने मला शांतपणे समजावले.

मला खटकते ती गुण देण्याची पद्धत. स्वतःचे म्हणणे नीट मांडणे, भाषेचे बारकावे उलगडणे, काळाचा संदर्भ देणे, कृतींची एकमेकींशी सांगड घालणे आणि इतरांनी लावलेले अर्थ विचारात घेणे असे पाच कप्पे पाडलेले आहेत आणि मुले त्यांना ‘एओ-वन’ ते ‘एओ-फाइव्ह’ म्हणतात. ‘अरे देवा, एओ-थ्री राहिलाच!’ असे ती म्हणते तेव्हा आमटीत मीठ घालायचे राहिले असे वाटते. तरीही पाचवा कप्पा मला मनापासून आवडतो. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकाबद्दल समीक्षक ब्रॅडली १९०४ मध्ये नायकाच्या थोरवीवर भर देतात, तर दुसरे समीक्षक लीव्हिस १९३७ मध्ये त्याच नायकाच्या आत्मप्रौढीवर बोट ठेवतात. यांतले कोणाचे बरोबर हे पाठ करायचे नसते. दोघांना समोर ठेवून स्वतःला जे दिसते ते संहितेतल्या शब्दांच्या आधाराने पटवून द्यायचे असते.

गेल्या महिन्यात मुलगी याच नाटकाच्या पाचव्या अंकातला दुसरा प्रवेश घेऊन स्वयंपाकघरात आली. सेनापती ऑथेल्लोने आपल्या बायकोला, डेस्डेमोनाला, मारले आहे आणि तिची सखी-सेविका एमिलिया त्याच्यासमोर उभी आहे. ‘मीच मारले’ असे तो सांगतो तेव्हा ती त्याला सैतान म्हणते, पण सर्वनाम वापरते ‘यू’. मग तो मेलेल्या बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवतो आणि पुढच्याच वाक्यात एमिलिया ‘दाउ’, म्हणजे शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीतले ‘तू’, म्हणते. मुलीने समासात ‘सर्वनाम बदलले, का?’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. मी पोळी लाटता लाटता त्या ओळी मोठ्याने वाचून घेतल्या आणि म्हणाले, ‘‘अगं, ही एकेरीवर आली की!’’

‘एकेरीवर येणे’ म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या मुलीला समजावून सांगावे लागले. आजच्या इंग्रजीत ‘यू’ एकटेच उरल्यामुळे तिच्या वर्गातल्या मुलांना हा भेद नियम म्हणून शिकावा लागतो. आपल्याकडे वाड्यातल्या भांडणात ‘अहो’चे ‘अरे’ कोणत्या क्षणी झाले हे शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळते. पण बोलता बोलता मुलीलाच जे दिसले ते माझ्या लक्षात आले नव्हते. सेनापतीला सैतान म्हणतानाही एमिलियाने पायरी सोडलेली नाही. खुनाच्या कबुलीनेही ती सुटत नाही. मालकिणीची बदनामी झाली तेव्हाच ती सुटते, आणि त्यानंतर मरेपर्यंत एमिलिया त्याच्याशी पुन्हा ‘यू’वर येत नाही.

मग आम्ही शेवटपर्यंत वाचत गेलो. जिच्याशी एमिलिया आयुष्यभर ‘मॅडम’ आणि ‘यू’ म्हणून बोलली, त्या मेलेल्या डेस्डेमोनालाही मरताना ती एकेरीच हाक मारते: तुला ऐकू येते का? तो एकेरीपणा मात्र आपण आईशी किंवा विठोबाशी बोलतो तसला आहे. तव्यावरची पोळी तेवढ्यात करपली.

मुलीने त्यावर दीड पान लिहिले. शिक्षिकेने ते हिरव्या शाईने तपासले आणि खाली शेरा दिला: एओ-टू उत्तम, पण एओ-थ्री कुठे आहे? आता ती शेक्सपिअरच्या काळी घरातल्या सेविकेचे स्थान काय असे, यावर एक परिच्छेद वाढवते आहे.