आमची वाटचाल : आईची वही आणि डिंकाचे लाडू

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत बाळंतिणीचं खाणं तयार होतं. डिंकाचे, मेथीचे, सुंठीचे लाडू, बाळंतशेपा-ओवा-तीळ-खोबऱ्याची सुपारी, आणि मागणी आली तर अळिवाचे लाडू. पाच बायका, माझी पत्नी आणि मी, एवढीच आमची पेढी. पुरुष माणूस या धंद्यात कसा आला, असं जवळजवळ प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं. म्हणून आज सगळं लिहायला बसलो आहे. आईचं देणं फार आहे.

१९९० नंतर इंदूरच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. बाबांची गिरणीही गेली. तोवर आई ओळखीच्या घरी बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला सहज म्हणून जायची, हातात कुणी काही ठेवलं तर ठेवलं. १९९३ पासून त्यावर घर चालू लागलं. रामबाग, नारायण बाग, पंतवैद्य कॉलनी, सुदामा नगर. सकाळी सातला निघायची आणि तीन घरं करून दुपारी परतायची. मराठी घरांत ती मावशी होती. हिंदी बोलणाऱ्या घरांत तिला आईच म्हणत, आणि तिच्या लाडवांना 'जापे के लड्डू'. हरीरा, म्हणजे बाळंतिणीला देतात ते गोड पातळ पेय, करायला ती तिथल्याच एका मालवी आजींकडून शिकली होती.

मी तेव्हा शाळेत होतो. विसरलेला तेलाचा डबा किंवा लाडू घेऊन सायकलवर तिच्या मागे जायचो. पण बाळंतिणीच्या खोलीत जायची मला परवानगी नव्हती. डबा उंबऱ्याशी ठेवायचा आणि बाहेर थांबायचं. आतून वेखंड-ओव्याच्या धुरीचा वास यायचा, पाणी ओतल्याचा आवाज यायचा, बाळ कळवळून रडायचं आणि एकदम शांत व्हायचं. आईचं काम मी असं दाराबाहेरूनच पाहिलं.

ती २०११ साली गेली. दहाव्यापर्यंत घरी इतक्या बायका आल्या की बाबा चकित झाले. त्या बायकांकडूनच मला कळलं की ती आत काय करत होती. एका वहिनींनी सांगितलं की शेकशेगडी ठेवली की आई खिडकी उघडायला लावायचीच. सासूबाई म्हणायच्या, वारा लागेल. आई बाळंतिणीच्या कानाला रुमाल बांधायची, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू द्यायची नाही. त्या धगीतून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणसाला कळतही नाही, आणि जीव जातो. दुसऱ्या एका घरी तिने अंगावरून जास्त जातंय हे ओळखून, कुणाची परवानगी न विचारता रिक्षा बोलावली होती. दुसरी मुलगी झाली म्हणून जिथे चेहरे पडलेले असत, तिथे ती लाडवांचा डबा जास्तीचा न्यायची आणि पैसे घ्यायची नाही.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती एक गोष्ट. सुरुवातीला आई बाळांना गुटी उगाळून द्यायची, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय तसं. पुढे एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला समजावलं की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको, आणि वर्षाच्या आत मध चाटवणं धोक्याचं आहे. आई घरी आली, दोन दिवस गप्प होती. मग जिथे जिथे तान्हं बाळ होतं त्या घरी परत गेली आणि म्हणाली, "माझं चुकलं, आता उगाळू नका." स्वतःच्या हातचा मान असा सोडून देणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आमच्याकडे बाळगुटी विकत मिळत नाही, ती म्हणून.

२०१२ च्या हिवाळ्यात बायका विचारू लागल्या, मावशींचे लाडू आता कोण करणार? माझी पत्नी आईच्या हाताखाली लाडू वळायची, पण माप आईच्या मुठीत होतं. आम्ही पाव किलो डिंकापासून सुरुवात केली. खारकेची पूड अर्धा किलो, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, गूळ, जायफळ. पहिले तीन घाणे वाया गेले. डिंकाला आधी ऊन दाखवावं लागतं. तूप फार तापलं की डिंक बाहेरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो, मग दाताला चिकटतो. मंद आचेवर थोडा थोडा सोडायचा, फुलला की वाटीने दाबून बघायचा. चुरा झाला पाहिजे. आता आमच्या एका ताईंना नुसत्या आवाजावरून कळतं.

खसखस आम्ही नीमचच्या मंडीतली घेतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि अफूची परवान्याची शेती आपल्या माळव्यात, नीमच-मंदसौरकडे, त्यामुळे ताजी मिळते. बाकी किराणा इंदूरच्या सियागंज बाजारातून. एका व्यापाऱ्याने एकदा डिंकात भलतंच मिसळून दिलं, पूर्ण पोतं परत करावं लागलं. एका पावसाळ्यात खोबरं खवट झालं, तेव्हा गेलेले सगळे डबे आम्ही परत आणले आणि पैसे फिरवले. तेव्हापासून पावसाळ्यात खोबरं त्याच दिवशी भाजायचं, त्याच दिवशी वापरायचं. अळिवाचे लाडू ओल्या खोबऱ्याचे, तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून दुकानात ठेवायचेच नाहीत. अन्न परवाना, डब्यावरची तारीख, वजनकाटा, हे सगळं रीतसर केलं. 'दूध वाढवणारे लाडू' असं मात्र छापलं नाही. छापा म्हणून बरेच लोक सांगतात. आई प्रत्येक बाळंतिणीला आधी विचारायची, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?" आणि मग लाडू हातात द्यायची. लाडू हे खाणं आहे, औषध नाही.

एप्रिल २०२० मध्ये इंदूर पूर्ण बंद होतं. घाणा नाही, माल नाही. बाळंतपणं कुठे थांबणार होती? आम्ही सगळी मापं लिहून मोबाईलवर पाठवून दिली, ज्यांनी मागितली त्यांना. पत्नी फोनवरून सांगत बसायची, आता आच कमी करा, आता गूळ घाला. कृती वाटली म्हणून धंदा बसला नाही.

आता वहीबद्दल. आईच्या ट्रंकेत एक जाड वही होती. मला वाटलं मापं असतील. मापं नव्हती. प्रत्येक घराची दोन-तीन ओळींची नोंद होती: 'पंतवैद्य, वरचा मजला, साखर आहे, गूळ कमी.' 'सासू बोलत नाही, पण रात्री बाळ तीच घेते.' 'माहेर नाही, रोज जाणे.' पत्नीला ती वही मी बरीच वर्षं दाखवली नव्हती, मीसुद्धा शेवटपर्यंत वाचली नव्हती. चार वर्षांपूर्वी जुनी घरं शोधताना आम्ही दोघं ती उघडून बसलो. २००६ चं पान निघालं, आमच्या मुलीच्या जन्माचं.

'सून. रडते. भिंतीकडे तोंड करून असते. कुणी काही बोलायचं नाही. मी खोलीत झोपते. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे नेणे.'

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याच घरात होतो, दाराबाहेर. पत्नीने पान वाचलं आणि म्हणाली, "आई बावीस रात्री माझ्याजवळ होत्या. मी मोजल्या होत्या."

त्यानंतर आम्ही एक बदल केला. लाडू पोचल्यावर दहाव्या दिवशी त्या घरी फोन जातो. लाडू आवडले का, हे विचारायला नाही. झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का, जवळ कोण आहे. गरज वाटली तर घरच्यांना स्पष्ट सांगतो की आजच डॉक्टरांना दाखवा. हा फोन पत्नीच करते. कधी पाच मिनिटं चालतो, कधी तास. त्या वेळी ती आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते, आणि मी घाण्याजवळ आच कमी करून थांबतो.