सिरॅमिक शिकताय? आधी चाचणीच्या टाइल करा

मुंबईचं जे. जे. घ्या, बडोद्याची फाइन आर्ट्स घ्या किंवा अहमदाबादचं एनआयडी. सिरॅमिकला प्रवेश मिळाला की सगळ्यांचा डोळा चाकावर. चाकावर हात बसतो सरावाने. वर्षअखेरीला चांगली घडवलेली कामं फसतात ती बहुधा ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, आणि तेव्हा चाचण्या करायला भट्टी रिकामी नसते.

पहिली टाइल आकुंचनाची. वापरणार त्याच मातीची पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर 10 सेंमीची रेघ ओढा आणि शेवटच्या भाजणीनंतर मोजा. 8.8 सेंमी भरली तर आकुंचन 12 टक्के. मग 10 सेंमी व्यासाचं भांडं हवं म्हणून 11.2 सेंमीचं करायचं? नाही. 10 ला 0.88 ने भागा: जवळपास 11.4 येतात. लाकडी झाकण बसवायचं असेल तर तो दीड मिलिमीटर नडतो.

ग्लेझसाठी 4-3-2-1 हे जुनं प्रमाण घ्या: पोटॅश फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, व्हायटिंग (खडूची भुकटी) 20, चायना क्ले 10. 1280 अंशांच्या आसपास ते पारदर्शक वितळतं. कोरडी भुकटी हाताळताना एन95 मास्क हवाच, आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारला की सिलिकाची धूळ हवेत तरंगत राहते. तिच्यामुळे होणारा फुफ्फुसांचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही.

या कोरड्या मिश्रणाचे 100-100 ग्रॅमचे सहा भाग करून त्यांत वरून 1, 2, 4, 6, 8 आणि 10 ग्रॅम लाल आयर्न ऑक्साइड घाला. पाणी घालून 80 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. विजेच्या भट्टीत फिकट मधापासून गडद तपकिरीपर्यंत रंग येतील. गॅसच्या भट्टीत रिडक्शन (हवा कमी देऊन भाजणं) नीट झालं तर 1-2 टक्क्यांना हिरवट सेलेडॉन, 8-10 ला काळा-तपकिरी तेनमोकू. टाइल एल आकाराची, उभी राहणारी करा. आडव्या टाइलवर ग्लेझ ओघळतं का ते कळत नाही. अर्धी एकदा बुडवा, अर्धी दोनदा, आणि खालचा सेंटिमीटर कोरा ठेवा. क्रमांक आयर्न ऑक्साइडने लिहा. साधी पेन्सिल भट्टीत जळून जाते.

ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली तर बिस्कवर (ग्लेझआधी एकदा भाजलेल्या भांड्यावर) धूळ किंवा हाताचं तेल होतं, नाहीतर थर जाड झाला. टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहिली तर बिस्कची भाजणी घाईत झाली असेल. मातीतले वायू तिथेच निघून जायला हवेत. बारीक तडे म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. क्वार्ट्झ 5 भागांनी वाढवून पुन्हा टाइल भाजा. ते तडे फुलदाणीवर शोभतील, चहाच्या कपावर चालणार नाहीत: डाग धरतात, आणि माती पुरती पक्की झाली नसेल तर कप पाझरतो.