दुपारी दोनला येणारा फॉल्ट

शुक्रवार, रात्री साडेदहा

आजचा दिवस तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडच्या त्या मंगल कार्यालयात गेला. फॉल्स सीलिंगची धूळ अजून मानेला खाजतेय, पण लिहूनच झोपतो.

गच्चीवर सेंट्रल एसीचं एक आउटडोर युनिट, खाली हॉलमध्ये त्याच्यावर चालणारी चौदा इनडोर. वैशाखात इथंच हाच फॉल्ट आला होता, आउटडोर आणि इनडोरमधलं कम्युनिकेशन तुटल्याचा. तेव्हा मी आउटडोरचा मुख्य बोर्ड बदलायला सांगितलं. मालकांनी बदलून घेतला, मशीन चाललं, मी बिल घेऊन आलो. मंगळवारी त्यांचा फोन आला. "परत तेच झालंय बघ. सकाळी बरं चालतंय, दुपारी दोनच्या सुमाराला सगळंच गप्प." रविवारी त्यांच्याकडं साखरपुडा आहे.

एका आउटडोरवर अनेक इनडोर चालवायची, जपानात १९८२ साली पहिल्यांदा आलेली ही पद्धत (व्हीआरएफ) मला आजही आवडते. साध्या दोन कोरच्या, म्हणजे आत दोन तारा असलेल्या वायरवरून आउटडोर प्रत्येक इनडोरची हजेरी घेतं, कुणाला किती थंडावा हवा ते विचारतं, आणि त्या हिशोबानं कॉम्प्रेसरचा वेग ठरवतं. वायर मात्र सगळ्यांना मिळून एकच, एका युनिटातून दुसऱ्यात गेलेली. तिच्यावर कुठंही दोन कोर एकमेकांना धरले की चौदाही जणांचा आवाज बसतो. म्हणून फॉल्टचा कोड आउटडोरवर दिसला तरी दोष आउटडोरचाच असं नसतं. हे मला माहीत होतं, आणि तरी वैशाखात मी बोर्डाकडंच बोट दाखवलं.

आज क्रमानं गेलो. आधी चौदाही इनडोरना वीज पोचते का ते बघितलं, कारण एकाचा जरी एमसीबी पडला तरी तो हजेरीला उत्तर देत नाही. सगळीकडं वीज होती. मग सात नंबरवर पुढं जाणारी वायर सोडून लाइन अर्धी केली. अशी लाइन तोडली की आउटडोरला उरलेल्या युनिटांची ओळख नव्यानं करून द्यावी लागते. ते राहिलं तर गैरहजर सातांसाठी तोच फॉल्ट दाखवत बसतं आणि आपण भलतीकडं शोधत राहतो. पहिली सात दोन वाजले, तीन वाजले तरी मजेत चालली. पुढची जोडली, आणि पाऊण तासात सगळं बंद.

नऊ आणि दहा नंबरच्या मधल्या वायरची दोन्ही टोकं टर्मिनलातून काढून मीटर लावला. दोन कोरमध्ये काहीच दिसायला नको होतं. चार किलोओहम दाखवत होता, तेही हलतं, म्हणजे आत कुठंतरी दोन्ही कोर एकमेकांना धरत होते. (मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासणारं मीटर, लावायचा मोह झाला होता. वायर बोर्डाला जोडलेली असताना तो लावला तर बोर्ड जातो, म्हणून ती सवयच मी ठेवलेली नाही.)

पण दहा-अकरा मीटर वायरीत जागा कुठली? सीलिंगमध्ये डोकं घालून बघत होतो, तेवढ्यात खालून हेल्पर पोरगा म्हणाला, "अण्णा, स्लॅबवर ते काय लिहिलंय बघा की." मार्करनं कन्नडमध्ये एक ओळ होती. वैशाखातही ती मला दिसली होती. प्लंबरची खूण असेल म्हणून मी सोडून दिली होती. कन्नड मी दिवसभर बोलतो, पण माझी शाळा मराठी, अक्षरं अडखळतात. पोरगा गोकाकचा. त्यानं टॉर्च मारून सरळ वाचलं, "इल्ली जॉइंट इदे."

इथं जॉइंट आहे. कुण्या वायरमननं पुढं येणाऱ्यासाठी इमानदारीनं लिहून ठेवलेलं.

त्या ओळीखालीच जॉइंट निघाला, नुसती टेप गुंडाळलेला. त्याच्या बरोबर वर इनडोरचं पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेन पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आणि एल्बोवरचं इन्सुलेशन बोटभर उघडं. मशीन दोन-तीन तास चाललं की पाइप गार पडतो, हवेतली ओल त्याच्यावर धरते, थेंब जॉइंटवर. या दिवसांत आमच्या बेळगावची हवा कशी असते ते सांगायला नकोच. तांबं हिरवं झालं होतं.

मग वैशाखातलंही कळलं. बोर्ड बदलायला मशीन दीड दिवस बंद होतं, सीलिंग उघडं होतं. तेवढ्यात जॉइंट सुकला. नंतर आषाढ, लग्नं नाहीत, हॉल कधी तीन तास सलग चाललाच नाही. बोर्डानं काहीच दुरुस्त केलं नव्हतं.

नऊ ते दहा एकसंध नवी वायर ओढली, पॉवर केबलच्या ट्रेपासून लांब. एल्बोला नायट्रिल रबराचं इन्सुलेशन गुंडाळलं. रात्री आठपर्यंत चौदाही चालवली, एकदाही कोड आला नाही. स्लॅबवर पोरानं कन्नडमध्ये आणि मी मराठीत जॉइंट काढल्याचं लिहिलं.

निघताना मालकांना बोर्डाचं सगळं सांगितलं. सांगताना तोंड कोरडं पडलं होतं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवार होऊ दे आधी."

जुना बोर्ड अजून दुकानात फळीवर आहे. सोमवारी तो परत त्याच आउटडोरला लावून दिवसभर चालवणार. चालला, तर नव्या बोर्डाची सगळी रक्कम त्यांना परत.