तोरुन ते व्रोत्स्वाफ: स्पीडवेच्या मागावर पोलंडमध्ये

स्पीडवे हा मोटारसायकल शर्यतींचा प्रकार पडद्यावर पाहिला तर एकसुरी वाटण्याचा संभव आहे. चार स्वार, अंडाकृती धावपट्टीचे चार फेरे, वळण नेहमी डावीकडेच, आणि साधारण मिनिटभरात सगळे आटोपलेले. पोलंडमध्ये मात्र याच खेळासाठी मध्यम आकाराची शहरे रविवारी संध्याकाळी ओस पडतात आणि मैदाने भरतात. तेथील एक्स्त्रालिगा ही जगातील सर्वांत प्रबळ स्पीडवे लीग मानली जाते आणि जगातील बहुतेक अव्वल स्वार तिच्यातील कोणत्या ना कोणत्या क्लबशी करारबद्ध असतात. ही लोकप्रियता जवळून पाहावी म्हणून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मी तोरुन, लेश्नो, झेलोना गूरा, गोझूव आणि व्रोत्स्वाफ अशी फिरस्ती केली. त्यातून बनलेले मत आधीच सांगून टाकतो: पहिल्यांदा जाणाऱ्याने जागतिक अजिंक्यपदाच्या ग्रां प्रीचे तिकीट काढण्यापूर्वी एखादा साधा लीग सामना गाठावा.

प्रवासाची आखणी वेळापत्रकावरून करावी, शहरांवरून नव्हे. हंगाम एप्रिलपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. एक्स्त्रालिगात आठ संघ असतात, प्रत्येक संघ इतर सातांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळतो आणि त्यानंतर बाद फेऱ्या होतात. सामने मुख्यतः शुक्रवारी आणि रविवारी ठेवलेले असतात, कारण शनिवार ग्रां प्रीसाठी मोकळा सोडला जातो. त्यामुळे शुक्रवारी एका शहरात आणि रविवारी दुसऱ्या शहरात, अशी जोडी बसवता येते. मात्र सामन्याचा नेमका वार आणि तास दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या सोयीने बदलू शकतो, तेव्हा बदलता न येणारी रेल्वेची आणि हॉटेलची आरक्षणे फार आधी करून ठेवू नयेत. दुसरी अडचण पावसाची. धावपट्टी वाजवीपेक्षा अधिक ओली झाली की सामना पुढे ढकलला जातो. एक्स्त्रालिगात ती झाकण्यासाठी ताडपत्र्या असतात, पण संततधारेपुढे त्यांचा इलाज चालतोच असे नाही. एखादा दिवस राखीव ठेवणे आणि तिकिटावरील परताव्याच्या अटी आधीच वाचून ठेवणे हिताचे. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि पोलंड युरोपीय संघात असले तरी चलन झ्लॉटीच आहे.

सुरुवात तोरुनपासून करावी, असे मी सुचवेन. व्हिस्तुला नदीकाठचे हे कोपर्निकसचे जन्मगाव असून त्याचे मध्ययुगीन जुने शहर १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे सामन्यापूर्वीचा दिवस कसा घालवावा हा प्रश्न उरत नाही. मुख्य रेल्वे स्थानक नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे, एवढे ध्यानात ठेवावे. २००९ मध्ये सुरू झालेले मोटोअरीना हे मैदान खास स्पीडवेसाठी बांधलेले आहे. सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांची सोय, बैठकींवर छप्पर आणि कोठूनही संपूर्ण धावपट्टी दिसेल अशी रचना यांमुळे नवख्याला येथे खेळ लवकर उमगतो. मैदानाला मारियान रोसे या तोरुनच्या स्वाराचे नाव दिलेले आहे, जो १९७० मध्ये धावपट्टीवरील अपघातात मरण पावला. मैदानालगतच्या रस्त्याला पेर यॉन्सन याचे नाव आहे. हा स्वीडिश स्वार १९९० चा जगज्जेता. तोरुनकडून खेळत असताना १९९४ मध्ये बिडगोश्च येथील सामन्यात झालेल्या अपघातानंतर त्याला कायमचे चाकांच्या खुर्चीत बसावे लागले. क्लबने आपल्या पत्त्यातच या दोघांना जागा दिली आहे. या खेळातील धोका प्रेक्षकांना ठाऊक असतो आणि कोणी तो लपवीत नाही, हे तिकीटखिडकीपाशी पोहोचण्याआधीच कळते.

आता प्रत्यक्ष शर्यतीविषयी. मोटारसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. किमान वजन ७७ किलो, म्हणजे ताकदीच्या मानाने गाडी अत्यंत हलकी. ब्रेक नसणे हे नवख्याला वेडेपणाचे वाटते, परंतु चार गाड्या एकमेकींना खेटून वळत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागच्याला काहीच करता येणार नाही, हे एकदा पाहिले की त्यामागील तर्क पटतो. वेग कमी करायचा तो थ्रॉटल सोडून आणि मागचे चाक घसरवून. वळणावर गाडी आडवी होते, पुढचे चाक उजवीकडे वळवलेले असते आणि गाडी मात्र डावीकडे जात असते. स्वाराचा डावा पाय जमिनीवर घासत असतो व त्याच्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो.

निकाल पुष्कळदा पहिल्या वळणातच ठरतो, म्हणून नजर सुरुवातीच्या रेषेवर आडव्या ताणलेल्या फितीवर ठेवावी. फिती वर उडण्याच्या क्षणी क्लच सोडण्यातील निमिषभराचा फरक पुढे दोन-तीन गाड्यांचे अंतर होऊन दिसतो. फितीला स्पर्श करणारा स्वार त्या हीटला, म्हणजे चार फेऱ्यांच्या त्या एका शर्यतीला, मुकतो आणि दोन मिनिटांच्या मुदतीत रेषेवर न पोहोचणाराही बाद होतो. सामन्याच्या मध्येच मैदानभर शिट्ट्या सुरू झाल्या तर बहुधा असेच काहीतरी घडलेले असते. कोणामुळे शर्यत थांबवावी लागली, तर त्याला वगळून उरलेल्यांची हीट पुन्हा घेतली जाते.

खरी गंमत मात्र मातीत आहे. सामना पुढे सरकतो तशी मागच्या चाकांनी उडवलेली माती धावपट्टीच्या बाहेरच्या बाजूला साचत जाते आणि तेथे चाकांना पकड मिळू लागते. आरंभीच्या हीटमध्ये आतल्या बाजूने सुटणाऱ्याला लाभ होतो. नंतर एखादा स्वार लांबचा, कुंपणालगतचा मार्ग धरून अधिक वेगाने बाहेर पडतो आणि सरळ पट्ट्यावर आतल्याला गाठतो. ठरावीक हीटनंतर ट्रॅक्टर येऊन माती पुन्हा सारखी करतात, पाणी मारले जाते आणि हे गणित नव्याने मांडले जाते. त्यामुळे धावपट्टी कशी तयार केली आहे, यावर पोलिश प्रेक्षक तासन्‌तास वाद घालतात. यजमान क्लब आपल्या स्वारांच्या सोयीची माती करतो असा संशय इतका जुना आहे, की लीगने धावपट्टीवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमलेले असतात.

गुणपद्धती सोपी आहे. प्रत्येक हीटमध्ये दोन संघांचे दोन-दोन स्वार, यजमानांची शिरस्त्राणे लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य गुण. एका सामन्यात १५ हीट असतात, म्हणजे एकूण ९० गुण वाटले जातात आणि ४६ झाले की विजय निश्चित होतो. सर्वांत मोठा घाव ५–१ चा, म्हणजे एकाच संघाचे दोघे पहिले आणि दुसरे येण्याचा. आघाडीवरचा स्वार वेग किंचित आवरून सहकाऱ्याला आपल्या शेजारी घेतो आणि दोघे मिळून मागच्याची वाट अडवतात, तेव्हा प्रेक्षक उभे राहतात. दुसरी हीट तरुण स्वारांसाठी राखीव असते. संघात एकवीस वर्षांखालील स्वार असणे नियमाने बंधनकारक असल्यामुळे क्लबांना आपल्याच शहरातून मुले घडवावी लागतात. ही हीट अनेक पाहुणे उशिरा पोहोचून चुकवतात, पण मला ती लीगच्या आरोग्याची नाडी वाटली.

प्रवेशद्वारापाशी छापील कार्यक्रमपत्रिका मिळते. ती आणि एक पेन जरूर घ्यावे. पत्रिकेत पंधराही हीटचा तक्ता असतो आणि शेजारचे आजोबा असोत वा शाळकरी मुलगी, प्रत्येक जण प्रत्येक हीटचे गुण हाताने त्यात भरत असतो. भाषेचा अडसर असणाऱ्याला संभाषण सुरू करण्याचा याहून सोपा उपाय नाही. चुकीचा आकडा लिहिला की कोणीतरी बोट दाखवून दुरुस्त करतोच.

बसण्याच्या जागेविषयी मतभेद आहेत. सुरुवातीच्या रेषेसमोरची जागा महाग असते आणि तेथून फिती उडतानाचा क्षण उत्तम दिसतो. माझी पसंती मात्र पहिल्या वळणातून बाहेर पडण्याच्या टोकाला, थोड्या वरच्या ओळीत. खालच्या ओळींत, विशेषतः वळणावर, ओली माती अंगावर येते. डोळ्यांवर साधा चष्मा आणि अंगावर पांढरे नसलेले कपडे असावेत. लहान मुले बरोबर असतील तर कानांसाठी संरक्षक आवश्यकच आहेत. सूर्यास्तानंतर उन्हाळ्यातही गारवा येतो. धावपट्टी सारखी करण्याच्या विरामात भाजलेल्या सॉसेजसाठी रांगा लागतात, पण मैदानाचा खरा खाऊ म्हणजे सूर्यफुलाच्या बिया; सामना संपल्यावर पायऱ्यांवर टरफलांचा थर साचलेला असतो. पाहुण्या संघाच्या समर्थकांचा विभाग वेगळा असतो, म्हणून तिकीट काढताना विभाग नीट पाहावा आणि दोन्हीपैकी कोणत्याही संघाचा गळपट्टा विचार केल्याखेरीज घालू नये. तिकिटे क्लबच्या संकेतस्थळावरून घ्यावीत आणि ओळखीचा पुरावा जवळ ठेवावा.

लेश्नो हे पोझ्नान आणि व्रोत्स्वाफ यांच्या दरम्यानच्या रेल्वेमार्गावर असल्यामुळे दोन्हीकडून सहज गाठता येते. या लहान शहराच्या उनिया क्लबने पोलंडचे सांघिक अजिंक्यपद इतर कोणत्याही क्लबपेक्षा अधिक वेळा जिंकले आहे. मोठ्या फुटबॉल क्लबांची शहरे निराळी आणि स्पीडवेची शहरे बहुतांशी निराळी, ही गोष्ट नकाशावर पाहिली की लोकप्रियतेचे कोडे बरेच सुटते. लेश्नो, गोझूव, झेलोना गूरा, ग्रुजोन्त्स ही शहरे फुटबॉलमध्ये देशाच्या अग्रभागी नाहीत. येथे मात्र जगज्जेता स्वार त्यांच्या रंगांत उतरतो आणि राजधानीच्या तोडीचे काही आपल्याकडे आहे, असे प्रत्येक नागरिकाला वाटते.

या अभिमानाचे सर्वांत तिखट रूप लुबुश प्रांतात दिसते. या प्रांताचा कारभार दोन शहरांत वाटलेला आहे: शासनाच्या प्रतिनिधीचे कार्यालय गोझूवला आणि प्रांतिक विधिमंडळ झेलोना गूऱ्याला. कारभारातील ही चुरस स्ताल गोझूव आणि झेलोना गूऱ्याचा फालुबाझ या क्लबांच्या सामन्यात रस्त्यावर उतरते. त्या सामन्याची तिकिटे बाहेरच्याला मिळणे कठीण, आणि पहिल्याच अनुभवासाठी तो निवडूही नये. वातावरण इतके तापलेले असते की खेळाकडे लक्ष राहत नाही. गोझूवला रेल्वेने जाताना बहुधा गाडी बदलावी लागते, याचा हिशेब धरावा. बार्तोश झ्मार्झलिक याच गोझूवच्या क्लबमध्ये घडला. २०१९ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झालेल्या या स्वाराने २०२५ मध्ये सहावे विजेतेपद मिळवून न्यूझीलंडच्या इव्हान मॉगर आणि स्वीडनच्या टोनी रिकार्डसन यांची बरोबरी केली. २०२३ पासून तो लुब्लिनकडून खेळतो, आणि गोझूवमध्ये हा विषय जपून काढावा.

व्रोत्स्वाफच्या ऑलिम्पिक मैदानावर ट्रॅमने जाता येते. १९९५ मध्ये ग्रां प्री पद्धतीची पहिली फेरी याच शहरात झाली. त्याआधी जगज्जेता एकाच रात्रीच्या अंतिम सामन्यात ठरत असे, जसा १९३६ मध्ये वेम्ब्लीत पहिल्यांदा ठरला, किंवा १९७३ मध्ये खोझुफ येथे लाखाच्या गर्दीपुढे येझी श्चाकिएल हा पोलंडचा पहिला जगज्जेता झाला तेव्हा. आजच्या ग्रां प्रीत सोळा स्वार वैयक्तिक गुणांसाठी झुंजतात. दर्जा निःसंशय सर्वोच्च असतो. पण वॉर्साच्या राष्ट्रीय मैदानासारख्या मोठ्या वास्तूत तात्पुरती अंथरलेली धावपट्टी आणि देशोदेशींचे प्रेक्षक, यांत शहर आणि क्लब यांचे नाते हरवते. मिनिटभराच्या शर्यतीला वजन येते ते त्या नात्यामुळे.

वेळ उरला तर पोलंडहूनच पुढे जाता येते. अनेक स्वार रविवारी पोलंडमध्ये आणि मंगळवारी स्वीडिश लीगमध्ये धावतात. ग्डिनियाहून कार्ल्सक्रोनाला जाणाऱ्या बोटीने त्यांच्या मागोमाग जाणे शक्य आहे आणि त्यासाठी वेगळा व्हिसाही लागत नाही. ब्रिटनला मात्र तो लागतो. युरोपातील या खेळाचा पाया १९२८ मध्ये लंडनजवळच्या हाय बीच येथे घातला गेला असला, तरी आज तेथील क्लब जमिनीच्या किमतींपुढे हतबल झालेले आहेत. वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो या दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या २०२३ च्या हंगामानंतर बंद पडल्या. तेथे जायचेच असेल तर मँचेस्टरचे २०१६ मध्ये उघडलेले राष्ट्रीय स्पीडवे मैदान निवडावे. पोलंडमधील संध्याकाळच्या सामन्यांबाबत एक शेवटची सूचना: हीट पुन्हा घ्याव्या लागल्या तर सामना अपेक्षेपेक्षा बराच लांबतो, आणि लहान शहरांतून रात्रीच्या गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा मुक्काम त्याच शहरात ठेवावा.